अँटेनाच्या तारेचे सांधे: डाख, स्लीव्ह, लिव्हर कनेक्टर आणि वरून गुंडाळायच्या पट्टीचे परीक्षण

घरी अँटेना बनवणाऱ्या हौशी रेडिओचालकाला तार जोडायला बाजारात हवे तितके पर्याय मिळतात, पण त्यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी बनवलेली असते. लिव्हरचे कनेक्टर घरातल्या वायरिंगसाठी असतात, रंगीत स्लीव्ह (तारांवर दाबून बसवायच्या छोट्या नळ्या) मोटारींच्या वायरिंगसाठी, अंडाकृती तांब्याच्या स्लीव्ह तारदोरांसाठी आणि तार आत बसावी म्हणून मधोमध खाच ठेवलेले (स्प्लिट) बोल्ट वीजवाहिन्यांसाठी. त्यामुळे वेष्टनावर छापलेल्या अँपिअर-व्होल्टच्या आकड्यांवरून अँटेनासाठीची निवड होत नाही. या परीक्षणात मी सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे. वाऱ्यात हलणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या आणि पावसात भिजणाऱ्या तारेवरचा सांधा काही ऋतू उलटल्यावरही पहिल्या दिवशी होता तसाच राहतो का, एवढेच मी पाहिले. सांध्याचा रोध किती कमी आहे, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे, आणि त्याचे कारण आधी सांगणे आवश्यक आहे.

७.१ मेगाहर्ट्झसाठी बांधलेला अर्धतरंगी डायपोल, म्हणजे मध्याशी केबल जोडलेली दोन सारख्या बाजूंची तारेची अँटेना, साधारण २० मीटर लांब असतो आणि मोकळ्या अवकाशात त्याच्या मध्याशी सुमारे ७३ ओहमचा भार दिसतो. १०० वॅट दिले की मध्याशी सव्वा अँपिअरपेक्षा थोडा कमी प्रवाह वाहतो. समजा, नेमक्या त्याच जागी एखादा सांधा इतका वाईट आहे की त्याचा रोध चक्क १ ओहम भरतो. तरीही त्यात जळणारी शक्ती दीड वॅटच्या आतच राहते आणि संदेशाची घट ०.०६ डेसिबेलच्या आसपास होते, जी पलीकडच्या श्रोत्याला कधीही जाणवणार नाही. नीट केलेल्या कोणत्याही सांध्याचा रोध याच्या शतांशानेही नसतो. टोकांकडे जावे तसा प्रवाह शून्याकडे झुकतो, म्हणजे तिथे रोधाला आणखीच कमी महत्त्व उरते. मात्र टोकांशी दाब शेकडो व्होल्टांपर्यंत चढतो, म्हणून तिथल्या सांध्यातून बाहेर आलेली अणकुचीदार लडी (तारेतला एकेक बारीक धागा) कापून कानशीने गोल करणे अधिक शक्तीच्या केंद्रांवर गरजेचे ठरते. एकंदरीत, ‘सर्वांत कमी संपर्करोध’ असे बिरुद मिरवणाऱ्या कनेक्टरसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आपल्याला कारण नाही.

नुकसान होते ते बदलत्या सांध्याने. सैल पडलेल्या आणि कळकलेल्या जोडात प्रत्येक झुळुकीबरोबर संपर्क बदलतो, एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीच्या मापाचा) काटा विनाकारण उडू लागतो आणि अभिग्राहकात (रिसीव्हरमध्ये) अशी खरखर येते की रेडिओचालक शेजारच्या विजेच्या खांबाला दोष देत बसतो. याहून फसवा प्रकार म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर. दोन धातूंच्या मध्ये असा थर बसला की तो सांधा एखाद्या ओबडधोबड डायोडसारखा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो, जवळपासच्या शक्तिशाली प्रसारण केंद्रांचे संदेश एकमेकांत मिसळतो आणि जिथे कोणीही बोलत नाही अशा वारंवारितेवर भुतासारखे संदेश उभे करतो. मल्टीमीटर अशा सांध्याला निःशंकपणे ‘शून्य’ दाखवतो, कारण त्याला एक लडी टेकलेली असली तरी पुरते. शिवाय उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागातून वाहतो. तांब्यात ७ मेगाहर्ट्झला ही खोली सुमारे २५ मायक्रॉन, तर २८ मेगाहर्ट्झला १२ ते १३ मायक्रॉन असते. म्हणजे हवा, पाणी आणि धूर यांचा मारा ज्या थरावर होतो, त्याच थरातून आपले सगळे काम चालते.

आता वस्तूंकडे वळू. निकाल आधीच सांगून टाकतो: तांब्याच्या तारेचा कायमचा सांधा करायचा असेल तर तारयंत्राच्या काळातला पिळाचा सांधा आणि त्यावर डाख (सोल्डर), यापेक्षा सरस काहीही विकत मिळत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियन या तारयंत्र कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा हा सांधा एकोणिसाव्या शतकात खांबांवरच्या ताणलेल्या तारांसाठी रूढ झाला आणि नासाच्या केबल-जोडणीच्या मानकातही त्याला जागा मिळालेली आहे. दोन्ही टोके सात-आठ सेंटिमीटर सोलायची, चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासायची आणि एकमेकांवर तिरपी धरायची. मध्ये एक-दोन सैल पीळ द्यायचे आणि मग प्रत्येक टोक दुसऱ्या तारेभोवती पकडीने पाच-सहा वेळा घट्ट, वेढ्याला वेढा लागून गुंडाळायचे. याचा गुण असा की तार ओढली की सांधा उलट अधिक आवळतो. दोन टोके शेजारी धरून शेपटीसारखा पीळ घातलेला सांधा ताण आल्यावर उकलत जातो, आणि डाखेच्या भरवशावर तो टांगणे चूक आहे, कारण डाख हा मऊ धातू आहे आणि सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो. पिळाने ताण पेलावा आणि डाखेने हवा-पाणी बाहेर ठेवावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

डाखेच्या निवडीत मी ६३/३७ या कथील-शिशाच्या मिश्रणाला पहिली पसंती देतो. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० हे त्याचे अधिक प्रचलित भावंड १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान लापशीसारखे राहते आणि त्या काही क्षणांत तार हलली तर सांधा राखाडी, भुरभुरीत आणि आतून तडकलेला निघतो. कामाच्या टेबलावर हा फरक नगण्य आहे. गच्चीवर, वाऱ्यात लोंबणारी तार एका हाताने धरून काम करताना मात्र तो चांगलाच जाणवतो. शिसेविरहित मिश्रणांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे, कथील, चांदी आणि तांबे यांचे मिश्रण २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळते. त्याचा सांधा टिकाऊ होतो, पण मोकळ्या हवेत तेवढी उष्णता टिकवणे अवघड जाते आणि चमक मुळातच कमी असल्याने सांधा चांगला बसला की नाही हे डोळ्यांनी ओळखणे नवशिक्याला जमत नाही. शिशाची डाख वापरणाऱ्याने काम झाल्यावर हात धुवावेत, हे वेगळे सांगायला नको.

फ्लक्सच्या, म्हणजे डाख धातूला नीट चिकटावी म्हणून लावायच्या द्रव्याच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड मान्य करू नये. राळेचा फ्लक्स वापरावा. नळकामाच्या आम्लयुक्त पेस्टने तार झटकन चमकते आणि डाख पाण्यासारखी पसरते, म्हणून तिचा मोह होतो. परंतु लडींच्या फटींत अडकलेले ते आम्ल पुसून जात नाही आणि दमट हवेत वर्षभर तांबे खात राहते. राळेचा उरलेला तपकिरी थर तसाच राहिला तरी बिघडत नाही.

उपकरणाबद्दलही दोन शब्द. सर्किट बोर्डाच्या कामाचे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न अँटेनाच्या तारेला पुरत नाही, कारण २ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दोन्ही बाजूंनी उष्णता ओढून नेते आणि उरलेली वारा नेतो. ८० ते १०० वॅटचे, जाड टोकाचे सोल्डरिंग आयर्न किंवा गॅसवर चालणारे आयर्न हवे. उघड्या ज्योतीची बत्ती काम पटकन करते, पण ती मला पसंत नाही. ताणून कठीण केलेले तांबे अशा ज्योतीत मऊ पडते, मऊ पडलेला भाग ताणाखाली लांबतो आणि मापून कापलेला डायपोल हळूहळू खालच्या वारंवारितेकडे सरकतो. त्याशिवाय प्लास्टिकचे आवरण पेटण्याचा धोका आहेच.

डाखेचा एक दोष प्रामाणिकपणे नोंदवायला हवा, कारण तिच्याविरुद्ध केली जाणारी तक्रार यातूनच निघते. लडींच्या तारेत वितळलेली डाख केशाकर्षणाने आवरणाच्या आत चढत जाते आणि लवचीक तारेचा एक तुकडा ताठ सळईसारखा होतो. वाऱ्याने तार हलते तेव्हा सगळे वाकणे त्या ताठ भागाच्या कडेशी एकवटते आणि तार तिथेच तुटते, सांध्यात नव्हे. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. तार इन्सुलेटरच्या भोकातून ओवून, वळसा घालून आधी बांधावी. ताण त्या वळशावर यावा आणि डाख दिलेले टोक पुढे सैल, बिनताणाचे राहावे. डायपोलच्या मध्याशी कोअॅक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) जोडताना हे विशेष पाळावे, कारण कोअॅक्सचे सगळे वजन आणि झोके त्या जागी येतात. असे केले की ताठ भागाला वाकावेच लागत नाही. तारेच्या मधोमध सांधा करण्याची वेळ आली तरी तिथे एक छोटा अंडाकृती इन्सुलेटर घालून दोन्ही तारा त्याला बांधाव्यात आणि त्याच्या बाजूने सैल जोड घ्यावा. त्याने वजन थोडे वाढते, पण सांध्यावरचा ताण संपूर्ण निघून जातो.

एनॅमल लावलेली तार वापरणाऱ्यांनी लेप पूर्ण खरवडून काढावा. पॉलियुरेथेनचा लेप सोल्डरिंग आयर्नच्या जास्त उष्णतेने जळून जातो, पण इतर काही लेपांवर त्याचा परिणाम होत नाही आणि वरून चमकदार दिसणारी डाख आतून तारेला चिकटलेलीच नसते.

दुसरा गंभीर पर्याय म्हणजे दाबून बसवायची स्लीव्ह. इथे वस्तूपेक्षा हत्यार महत्त्वाचे आहे. योग्य मापाच्या साच्यात पुरेशा दाबाने दाबलेली तांब्याची स्लीव्ह आणि तार यांचे धातू इतके जवळ येतात की मध्ये हवा शिरायलाही वाट राहत नाही, आणि हवा नाही म्हणजे ऑक्साइड नाही. त्यासाठी रॅचेटचे, म्हणजे पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारे हत्यार घ्यावे. पत्र्याची साधी क्रिंपिंग पक्कड माणसाच्या मनगटाच्या जोरावर अवलंबून असते आणि तिने केलेले एकामागोमाग दोन सांधेही सारखे होत नाहीत. नायकोप्रेस पद्धतीच्या अंडाकृती तांब्याच्या स्लीव्ह ताण घेण्यासाठीच बनवलेल्या असतात, म्हणून इन्सुलेटरभोवती वळसा घालून टोक बंद करायला त्या उत्तम आहेत. तांब्याचे आवरण असलेली पोलादी तार वापरणाऱ्यांना माझी शिफारस हीच आहे. ती तार स्प्रिंगसारखी उलटते, तिला घट्ट पिळाचे वेढे देणे जिकिरीचे होते आणि सोलताना पात्याची कच पडली तर पोलाद उघडे पडून गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेस तारेला तर राळेच्या फ्लक्सने डाख लागत नाही, त्यामुळे तिथे स्लीव्हला पर्यायच नाही.

दोन इशारे. हार्डवेअरच्या दुकानात तारदोरासाठी तशाच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या स्लीव्हही मिळतात, आणि कल्हई केलेली तांब्याची स्लीव्ह दिसायला त्यांच्यासारखीच रुपेरी असल्याने गफलत सहज होते. तांब्याच्या तारेवर ॲल्युमिनियमची स्लीव्ह बसवली तर पावसाच्या पाण्यात दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. कानशीने एक ओरखडा काढून आतला रंग पाहावा. दुसरे म्हणजे, स्लीव्हमध्ये घालण्याआधी तारेच्या टोकाला डाख देऊ नये. टोक नीटनेटके दिसते, पण मऊ डाख दाबाखाली सरकत राहते आणि काही काळाने घट्ट दाबलेली स्लीव्ह आपोआप सैल होते. आधी दाबून मग टोकाशी थोडी डाख देणे चालते, पण चांगल्या हत्याराने दाबलेल्या सांध्याला तिची गरज नसते.

मोटारींच्या वायरिंगच्या लाल, निळ्या, पिवळ्या स्लीव्ह सर्वत्र मिळतात म्हणून त्यांचाही उल्लेख करतो. लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या, निळ्या १.५ ते २.५ च्या आणि पिवळ्या ४ ते ६ च्या तारेसाठी असतात. साध्या पीव्हीसी आवरणाच्या स्लीव्हची दोन्ही तोंडे उघडी असतात आणि पाणी आत जाऊन तिथेच मुक्काम करते. आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आकसणाऱ्या आवरणाच्या स्लीव्ह मात्र बऱ्याच चांगल्या आहेत. कोअॅक्सपासून बालनकडे (केबल आणि अँटेना यांची जुळणी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे) जाणाऱ्या बिनताणाच्या छोट्या तारांना मी त्या निःसंकोच वापरीन, पण ताणलेल्या तारेत त्यांना जागा नाही.

याच कुळातली, हल्ली खूप खपणारी वस्तू म्हणजे पारदर्शक नळीच्या आत डाखेची कडी बसवलेली स्लीव्ह. दोन तारा आत सारायच्या, गरम हवा मारायची, डाख वितळते, गोंद पसरतो, नळी आकसते आणि सांधा अतिशय देखणा दिसतो. मला ती वस्तू अँटेनासाठी पसंत नाही. अशा अनेक स्लीव्हमध्ये बिस्मथ-कथीलाचे कमी तापमानाला वितळणारे मिश्रण असते, जे १३८ अंशांच्या आसपास वितळते आणि ठिसूळ असते. उष्णता नळीवर पडते, तारेवर नाही, म्हणून जाड तार पुरेशी तापण्याआधीच डाख ओघळते आणि तारेला न भिजवता तिच्यावर थेंबासारखी बसते. आत तारा नुसत्या शेजारी ठेवलेल्या असतील तर ओढ सगळी त्या ठिसूळ मिश्रणावर येते. पातळ, कल्हई केलेल्या तारांना आणि खोक्याच्या आतल्या जोडणीला ती ठीक आहे.

लिव्हरच्या कनेक्टरांबद्दल मात्र माझे मत बरेच अनुकूल आहे, जरी ते कायमच्या सांध्यासाठी नाहीत. वागो २२१ या मालिकेतले नेहमीचे कनेक्टर ४ चौरस मिलिमीटरपर्यंतची तार घेतात, ११ मिलिमीटर सोललेले टोक मागतात आणि एकतारी व लडींची अशा दोन्ही तारांना सारखेच घट्ट धरतात. पारदर्शक आवरणातून तार पूर्ण आत गेली की नाही हे दिसते. अँटेना मापात आणताना, म्हणजे तार थोडी कापायची, मोजायचे, पुन्हा जोडायचे, अशा कामात यांच्याइतकी सोय कशातच नाही. लघुलहरींच्या वारंवारितांना त्यांचा आकार नगण्य आहे. पण ते कोरड्या जागेसाठी बनवलेले आहेत आणि पाण्यापासून संरक्षण असल्याचा दावा उत्पादकही करत नाही. ते उघड्यावर कायम टांगले तर दोष कनेक्टरचा नाही, टांगणाऱ्याचा आहे. सहलीला न्यायच्या अँटेनात एका संध्याकाळपुरते ते उघड्यावर राहिले तर हरकत नाही, मात्र तारेचा ताण दोरीच्या तुकड्याने पेलला गेला पाहिजे. लिव्हरच्या स्प्रिंगने ताणलेली तार धरून ठेवावी, ही अपेक्षा गैर आहे.

अनेक वारंवारिता-पट्ट्यांसाठी (बँडसाठी) एकाच डायपोलला जागोजागी तोडून जोडता येईल अशी रचना करणारे रेडिओचालक मॉडेल विमानांच्या बॅटरीचे गोळीच्या आकाराचे, सोन्याचा मुलामा दिलेले कनेक्टर वापरतात. तेही चांगले आहेत. नर आणि मादी घट्ट बसतात, वजन कमी असते आणि मुलाम्यामुळे ते कळकत नाहीत. पॉवरपोल कनेक्टर जोडायला अधिक सोपे असले तरी वाऱ्यात त्यांची पकड सुटू शकते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोरीचा बंध हवाच.

स्क्रूच्या प्लास्टिक पट्ट्या आणि तारेच्या टोप्या (वायर नट) यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पहिल्यांत स्क्रूचे टोक लडी कापते, आणि स्क्रू पोलादी असेल तर तो गंजतो. दुसऱ्या उघड्यावर लावल्यास वर तोंड करून पाणी साठवतात. बंद खोक्यात, लडींना फेरूल (टोकावरची धातूची छोटी नळी) लावून, स्क्रूची पट्टी चालते.

खाचेच्या (स्प्लिट) बोल्टची गोष्ट वेगळी. ब्राँझचा हा बोल्ट जाड तारांसाठी आहे आणि उभ्या अँटेनाच्या तळाशी किंवा जाड भूसंपर्क तारेला जोडायला तो फार समाधानकारक आहे. पातळ तारेला तो अवजड होतो. वर्षातून एकदा पाना लावून पाहावा, कारण मऊ तांबे दाबाखाली चपटे होत जाते आणि पहिल्या वर्षी बोल्ट थोडा सैल होणे स्वाभाविक आहे.

ॲल्युमिनियमच्या नळ्यांना तांब्याची तार जोडणे हा स्वतंत्र आणि किचकट विषय आहे. ॲल्युमिनियम घासल्यावर काही क्षणांतच त्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर पुन्हा चढतो, म्हणून ऑक्साइडरोधक पेस्ट लावूनच, पेस्टच्या खाली पृष्ठभाग घासावा. नोअॅलॉक्स आणि पेनेट्रॉक्स ही या कामाची परिचित उत्पादने आहेत आणि त्यांच्यात निवड करण्याइतका फरक मला दिसत नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा प्रत्यक्ष स्पर्श टाळावा: तारेला कल्हई केलेला लग (बोल्टसाठी भोक असलेले टोक) लावावा, मध्ये स्टेनलेसचा वॉशर घालावा आणि बोल्टही स्टेनलेसचाच घ्यावा. तांबे नेहमी ॲल्युमिनियमच्या खाली राहील असे पाहावे, कारण तांब्यावरून ओघळणारे पाणी तांब्याचे क्षार सोबत नेते आणि खालच्या ॲल्युमिनियमला खड्डे पाडते.

सांधा कोणत्याही प्रकारचा असो, त्याचे आयुष्य वरच्या आवरणावर ठरते, आणि माझ्या मते खर्च करायचाच तर इथे करावा. साधी विजेची चिकटपट्टी एकट्याने उपयोगाची नाही. उन्हात तिचा गोंद पाझरतो, कडा उचलतात आणि पाणी आत शिरून बाहेर येऊ शकत नाही, जे उघड्या सांध्यापेक्षाही वाईट. स्वतःत एकजीव होणारी रबरी पट्टी हे योग्य उत्तर आहे. स्कॉच २३ ही त्यातली नावाजलेली पट्टी सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. तिला गोंद नसतो, ताणून गुंडाळल्यावर तिचे थर एकमेकांत मुरतात आणि एकसंध रबर तयार होते. ताण पुरेसा द्यावा लागतो. सैल गुंडाळलेली पट्टी एकजीव होत नाही, आणि या पट्टीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेच आहे. उन्हापासून बचावासाठी तिच्यावर स्कॉच ३३ प्लससारख्या चांगल्या पीव्हीसी पट्टीचे दोन थर, अर्धा थर अर्ध्यावर येईल असे, द्यावेत. उभ्या केबलवर गुंडाळी नेहमी खालून वर न्यावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी फटीत शिरत नाही. शेवटचा वेढा ताण न देता चिकटवावा, नाहीतर टोक उलटून येते.

आतून गोंद असलेली, ३:१ प्रमाणात आकसणारी नळी पातळ तारेच्या सांध्यावर पट्टीपेक्षा नीटस बसते. गोंद दोन्ही टोकांतून थोडा बाहेर ओघळलेला दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर नळी पुरेशी तापलेली नाही. गोंद नसलेली साधी नळी फक्त दिसायला बंद असते. सिलिकॉनचा लेप वापरणाऱ्यांनी ट्यूबला व्हिनेगरचा वास येतो का हे आधी पाहावे. तसा वास असलेले सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि झाकलेल्या तांब्याला आतून हिरवे करते. उदासीन प्रकारचे सिलिकॉन घ्यावे.

सांधा झाल्यावर त्याची परीक्षाही वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. अँटेना वर चढवण्याआधी तार ओढून पाहावी. मग वर चढवल्यावर अँटेना विश्लेषक जोडून, एकाच वारंवारितेवर एसडब्ल्यूआर पाहत, कोणालातरी दोरी हलवायला सांगावे. आकडा अँटेनाच्या झोक्याबरोबर हळूहळू डोलला तर ते जमिनीपासूनचे अंतर बदलल्याने आहे. आकडा एकदम उडी मारत असेल तर सांधा सैल आहे, मग मल्टीमीटर काहीही म्हणो. लांबी जुळवताना तार कापण्याऐवजी टोक मागे दुमडून स्वतःभोवती गुंडाळावे. विद्युतदृष्ट्या तार जवळजवळ तेवढीच आखूड होते आणि नवा सांधा टाळता येतो.

जमिनीखालच्या रेडियल तारांसाठी (उभ्या अँटेनाच्या तळापासून चहूकडे पसरलेल्या तारांसाठी) वरचे बरेचसे नियम बदलतात. ओल्या, आम्लधर्मी मातीत कथील-शिशाची डाख झिजत जाते, म्हणून तिथे चांदीयुक्त कठीण डाख, दाबलेली तांब्याची स्लीव्ह किंवा ब्राँझचा क्लॅम्प घ्यावा आणि रेडियल एका स्टेनलेस किंवा तांब्याच्या चकतीवर लग लावून एकत्र आणावेत. विजेच्या कडकडाटापासून संरक्षण करणाऱ्या भूसंपर्क तारेत तर मऊ डाखेचा एकही सांधा नसावा. वीज पडल्यास त्या तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाने डाख क्षणात वितळते आणि जिथे जोड सर्वांत जास्त हवा असतो, तिथेच तो सुटतो. तिथे तांबे वितळवून जोडणारे उष्मादायी वेल्ड किंवा मान्यताप्राप्त क्लॅम्प, हे दोनच पर्याय आहेत.